विमानाचा आवाज आणि घराची भिंत

(लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल की, उदगीर तालुक्यात विमानतळ नसताना येथे विमानाच्या आवाजाची चर्चा कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नकाशावर पाहिले की मिळते. आपल्या उत्तरेस नांदेडचा विमानतळ आहे. तो १९५८ साली बांधला गेला आणि गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने २००८ साली त्याचे नूतनीकरण झाले. पश्चिमेस लातूरचा विमानतळ १९९१ पासून आहे. आग्नेयेस, राज्याच्या सीमेपलीकडे, बीदर येथे वायुसेनेचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे २००८ पासून हॉक जातीच्या जेट विमानांवर वैमानिकांना शिक्षण दिले जाते आणि २०२० पासून प्रवासी विमानांसाठीही तेथे सोय झाली. या तिन्ही ठिकाणांच्या मधल्या टापूत आपण राहतो. आपले नातेसंबंध तिन्हीकडे आहेत आणि आपली मुले नोकरीनिमित्त पुण्यामुंबईत जाऊन विमानांच्या मार्गाखालीच बिऱ्हाडे थाटतात.

विमानतळ येतो तेव्हा रस्ता, रोजगार आणि जमिनीचा भाव यांची चर्चा गावोगाव होते. आवाजाची चर्चा होत नाही. ती होते दहा-पंधरा वर्षांनी, वस्ती कुंपणाला येऊन भिडल्यावर. मग नागरिक विचारतात, "साहेब, घराला आवाज लागू नये म्हणून काही अनुदान मिळते का?" आज या एका प्रश्नाचे सरळ उत्तर देण्याचा माझा प्रयत्न आहे.

उत्तर प्रथम

आपल्या राज्यात, विमानाच्या आवाजापासून घर सुरक्षित करण्यासाठी घरमालकास थेट अनुदान देणारी स्वतंत्र योजना नाही. हे स्पष्ट सांगणे माहिती खात्यातील माणसाचे कर्तव्य आहे, कारण जी योजना नाही तिचे अर्ज भरून देण्याच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर सामान्य माणसाची फसवणूक होते. असा कोणी गावात आला तर त्यास थारा देऊ नये.

परंतु "योजना नाही" एवढे सांगून थांबणे हेही अपुरे उत्तर होईल. अन्य अनेक देशांत असे साह्य मिळते. ते कसे मिळू लागले, त्याचा पैसा कोठून येतो आणि आपल्याकडील कायद्यात त्याकडे नेणारी वाट कोणती, हे समजून घेतले तर त्या वाटेने जाता येते. ती वाट घरमालकाच्या अर्जातून जात नाही. ती ग्रामसभेच्या ठरावातून आणि जनसुनावणीतून जाते. आजच्या भाषणाचे सार हेच आहे.

आवाजाचे माप आणि मर्यादा

आवाज डेसिबल या एककात मोजतात. या मापाचे गणित साध्या बेरजेसारखे नसते. आवाज दहा डेसिबलने वाढला म्हणजे कानाला तो साधारणपणे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून ६० आणि ७० यांतील अंतर कागदावर लहान दिसले, तरी घरात झोपलेल्या आजाऱ्याला ते लहान नसते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तेथे ही मर्यादा ५० व ४० आहे. विमानतळांच्या परिसरासाठी केंद्र शासनाने जून २०१८ मध्ये वेगळी मानके अधिसूचित केली. वर्षाला ५० हजारांहून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळांच्या ध्वनिक्षेत्रासाठी दिवसा ७० व रात्री ६५, आणि इतर विमानतळांसाठी दिवसा ६५ व रात्री ६० अशी ती आहेत. म्हणजे लहान विमानतळाशेजारच्या वस्तीने रात्री सोसावयाचा आवाज हा सामान्य निवासी भागाच्या मर्यादेपेक्षा पंधरा डेसिबलने अधिक धरला गेला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील ध्वनिप्रदूषणविषयक निर्णयात, शांतपणे जगण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले आहे. हक्क मान्य आहे, मर्यादाही ठरलेली आहे. परंतु मर्यादा घराबाहेरच्या हवेसाठी आहे. घराच्या आत शांतता आणण्याचा खर्च कोणी करावा, याविषयी हे नियम काही सांगत नाहीत. नेमकी हीच पोकळी अन्य देशांनी कशी भरून काढली ते पाहू.

पैसा कोठून येतो?

ब्रिटनमध्ये विल्सन समितीने १९६३ साली आवाजाच्या प्रश्नावर अहवाल दिला आणि १९६६ पासून लंडनच्या हीथ्रो विमानतळाभोवतालच्या घरांना आवाजरोधनासाठी अनुदान देण्यास आरंभ झाला. जपानमध्ये १९६७ साली विमानाच्या आवाजासंबंधी कायदा झाला. प्रारंभी त्याचा भर शाळा व रुग्णालये यांवर होता. १९७४ च्या दुरुस्तीने राहत्या घरांच्या आवाजरोधनासही साह्य मिळू लागले. यामागे ओसाका विमानतळाजवळील रहिवाशांचा दीर्घ न्यायालयीन लढा होता. डिसेंबर १९८१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रात्रीची उड्डाणे थांबविण्याची मागणी फेटाळली, परंतु झालेल्या त्रासाबद्दल भरपाई मान्य केली.

अमेरिकेत १९७९ च्या कायद्याने विमानतळांना आवाजाचे नकाशे तयार करून त्यावर उपाययोजना आखण्याचा मार्ग खुला झाला. दिवसरात्रीच्या सरासरीने ६५ डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज असलेल्या पट्ट्यातील घरे व शाळा साह्यास पात्र ठरू शकतात. घराच्या आतील आवाज ४५ डेसिबलपर्यंत खाली आणणे हे उद्दिष्ट असते. या निधीचा मोठा हिस्सा विमानप्रवासाच्या तिकिटांवरील करातून येतो. फ्रान्सने डिसेंबर १९९२ च्या कायद्याने याहून थेट मार्ग घेतला. विमानाचे वजन, त्याच्या आवाजाची श्रेणी आणि उड्डाणाची वेळ यांवर कर ठरतो. रात्री उडणारे गोंगाटी विमान अधिक कर भरते आणि तो पैसा विमानतळाजवळच्या घरांच्या खिडक्या-दारांवर खर्च होतो.

या सर्व उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत. पहिली, ज्याच्यामुळे आवाज होतो त्याच्याकडून किंवा ज्याला प्रवासाचा लाभ होतो त्याच्याकडून पैसा घेतला जातो. दुसरी, आवाज मोजून नकाशा केल्याखेरीज कोणालाही साह्य मिळत नाही. तिसरी, साह्य मागणाऱ्यांनी आधी संघटितपणे आपली तक्रार नोंदविलेली असते. यांपैकी पहिली गोष्ट आपल्या हाती नाही. विमान वाहतूक हा राज्यघटनेनुसार केंद्र सूचीतील विषय आहे. परंतु दुसरी आणि तिसरी या आपल्या हातच्या गोष्टी आहेत.

भिंत, छप्पर आणि किल्लारीचा धडा

घरात आवाज कसा शिरतो हे समजल्याशिवाय साह्याची मागणी नेमकी करता येत नाही आणि स्वतःचा पैसाही योग्य जागी लागत नाही.

जड वस्तू आवाज अडविते, हलकी वस्तू त्यास वाट देते, हा मूळ नियम आहे. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांची आठवण करा. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचा थर. आत उन्हाळ्यात गारवा आणि सदैव शांतता. बाहेर वाजंत्री चालली तरी आतल्या खोलीत लेकरू झोपून राही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने याच घरांचे दुसरे रूप आपल्याला दाखविले. नीट न बांधलेल्या जड भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले आणि असंख्य घरांच्या दुरुस्तीस व मजबुतीकरणास शासनाने साह्य दिले.

किल्लारीचा उल्लेख मी दोन कारणांसाठी करतो. पहिले असे की, माणसाच्या घराची भिंत ही केवळ त्याची खाजगी बाब नसून प्रसंगी शासनाच्या साह्याचा विषय होऊ शकते, हे मराठवाड्याने अनुभवलेले आहे. दुसरे असे की, भूकंपानंतर आपण स्वाभाविकपणे हलक्या पत्र्याच्या छपरांकडे वळलो. पत्रा भूकंपात कमी घातक, परंतु आवाजापुढे तो अगदीच दुबळा. पत्र्यावर पाऊस पडू लागला की वर्गात शिक्षकांचा शब्द ऐकू येत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. विमानाचा आवाज तर वरूनच येतो. म्हणून विमानतळाजवळच्या घरात छप्पर हे भिंतीइतकेच महत्त्वाचे ठरते. पत्र्याखाली अंतर सोडून दाट छत घालावे आणि मधल्या पोकळीत आवाज शोषणारे साहित्य भरावे. मात्र छपरावर नवे वजन चढविण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा. शांतता मिळविताना सुरक्षितता गमावणे आपल्या जिल्ह्याला परवडणारे नाही.

दुसरा नियम फटींचा आहे. समजा, शंभर चौरस फुटांच्या भिंतीत एक चौरस फुटाचा झरोका उघडा आहे. मग उरलेली भिंत कितीही जाड असली, तरी एकूण अडणारा आवाज वीस डेसिबलच्या आसपासच राहतो. यावरून कामाचा क्रम ठरतो. आधी दाराखालची आणि चौकटीभोवतीची फट बुजवावी. मग खिडकीच्या तावदानांना रबरी पट्टी बसवावी. शक्य असल्यास मध्ये हवेची पोकळी राहील अशी दुहेरी तावदाने घ्यावीत. त्यानंतर दार भरीव करावे, मग छप्पर घ्यावे आणि भिंत सर्वांत शेवटी. पुष्कळ लोक उलट्या क्रमाने जातात आणि गिलाव्यावर पैसा घालवून निराश होतात.

खिडक्या बंद केल्या की आमच्याकडील एप्रिल-मे महिन्यांत घराची भट्टी होते. म्हणून हवा खेळती ठेवण्याची सोय हा आवाजरोधनाचाच भाग मानला पाहिजे. ब्रिटनमधील अनुदानातही दुहेरी खिडक्यांसोबत हवा आत घेण्याच्या यंत्राचा समावेश होता. आणखी एक गैरसमज दूर करतो. कुंपणाला झाडे लावल्याने विमानाचा आवाज अडत नाही, कारण तो झाडांच्या वरून येतो. झाडे अवश्य लावावीत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातील सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे मूळ सहाय्य आहे. हे साह्य आवाजरोधनासाठी नाही. तथापि विमानतळाजवळच्या गावात घरकुल बांधताना झोपण्याच्या खोलीची खिडकी धावपट्टीच्या उलट बाजूस ठेवली, दार-चौकट फट न ठेवता बसविली आणि पत्र्याऐवजी स्लॅबचा विचार केला, तर त्याच रकमेचा अधिक उपयोग होईल. बांधताना खिडकीची बाजू बदलण्यास पैसे पडत नाहीत, नंतर मात्र पडतात.

शाळेचा विचार सर्वांत आधी

शिक्षक मित्रांसाठी एक उदाहरण सांगतो. न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या इमारतीशेजारून उंचावरचा लोहमार्ग जात असे. मार्गाकडील वर्गांतील मुले वाचनात मागे पडत असल्याचे ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी यांनी १९७५ साली दाखवून दिले. वरच्या इयत्तेत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होते. यानंतर रुळांखाली रबरी गाद्या बसविण्यात आल्या आणि वर्गांत आवाज शोषणारी छते लावण्यात आली. १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांतील ते अंतर नाहीसे झालेले दिसले. जर्मनीतील म्युनिक शहराचा विमानतळ १९९२ साली नव्या जागी हलविला गेला, तेव्हाही असेच आढळले. जुन्या विमानतळाजवळील मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले आणि नव्या विमानतळाजवळील मुलांचे खालावले.

याचा अर्थ असा की, गोंगाटातील वर्गात मूल मागे पडते तेव्हा दोष मुलाचा नसतो, शिक्षकाचाही नसतो. आणि हे नुकसान भरून निघू शकते, हाही या उदाहरणांचा आशादायक भाग आहे. हीथ्रोजवळील हॉन्स्लो येथील एका बालशाळेच्या अंगणात मातीने भरलेल्या पोत्यांचे घुमट उभारण्यात आले. विमान जाताना मुलांना त्यात बसून बोलता-ऐकता यावे हा त्यामागचा हेतू, आणि खर्च विमानतळाने दिला. ही बांधणी मूळची भूकंपात टिकणाऱ्या मातीच्या घरांसाठी विकसित झालेली आहे. माती आणि भूकंप या दोन्ही गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. योग्य रीतीने बांधलेली माती सुरक्षितही असते आणि शांतही, हे आपण लक्षात घेण्यासारखे आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार, व्यापारी वापराचा नवा विमानतळ उभारण्यापूर्वी पर्यावरणविषयक मंजुरी घ्यावी लागते. त्या प्रक्रियेत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो आणि नागरिकांनी मांडलेले मुद्दे इतिवृत्तात नोंदवावे लागतात. प्रकल्पाच्या पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात उपाययोजना आणि त्यांचा खर्च दाखवावा लागतो. ज्या दिवशी या आराखड्यात "परिसरातील शाळा व घरे यांचे आवाजरोधन" अशी एक ओळ आणि तिच्यापुढे रक्कम लिहिली जाईल, त्या दिवशी आपल्या नागरिकांच्या प्रश्नाला "होय" असे उत्तर देता येईल. ती ओळ आपोआप लिहिली जात नाही. ती मागावी लागते, आणि सुनावणीच्या दिवशी मागावी लागते.

यासाठी चार कामे सुचवितो.

पहिले, नोंद. विमानमार्गाखालील गावाने आवाजाची नोंदवही ठेवावी. दिवस, वेळ, वर्गात शिकविणे किती वेळा थांबले, रात्री झोप किती वेळा मोडली, एवढे पुरे. शाळेचे मुख्याध्यापक हे काम उत्तम करू शकतील. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मोजणीची मागणी करताना ही वही कामी येते.

दुसरे, ठराव. ग्रामसभेत घर आणि शाळा यांच्या आवाजरोधनाचा स्पष्ट ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. "आवाज बंद करा" अशी मागणी फेटाळली जाणे सोपे असते. "आमच्या शाळेच्या इतक्या खोल्यांच्या खिडक्या आणि छत करून द्या" ही मागणी टाळणे अवघड असते.

तिसरे, सुनावणी. सारांश अहवाल आधी मागवून वाचावा, त्यात आवाजाचा नकाशा आहे की नाही ते पाहावे आणि नसल्यास तसे लेखी म्हणणे द्यावे.

चौथे, नियोजन. गावठाणातील बांधकामाविषयी १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीस अधिकार दिलेले आहेत. विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीवर बंधने असतात, पण ती विमानाच्या सुरक्षिततेसाठी आहेत, रहिवाशाच्या कानांसाठी नव्हेत. ते काम आपले आहे. धावपट्टीच्या टोकासमोर गोदामे, बाजार, शेती राहू द्यावी. शाळा, दवाखाना, अंगणवाडी आणि घरकुले बाजूला न्यावीत. आज एका ठरावाने जे वाचते, ते उद्या लाखो रुपयांच्या अनुदानानेही पुरते भरून येत नाही.

मित्रहो, विमानतळाला विरोध करावा असे मी म्हणत नाही. आजारी माणसाला तातडीने मोठ्या शहरात नेण्यासाठी, शेतमालासाठी, व्यापारासाठी मराठवाड्याला आकाशमार्गाची गरज आहे. परंतु विमानात बसणारा एक आणि आवाज सोसणारा दुसरा, अशी विभागणी कायम राहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. प्रवासाचा लाभ ज्यांना मिळतो, त्यांच्या तिकिटातील काही पैसे विमानाखाली अभ्यास करणाऱ्या मुलाच्या खिडकीपर्यंत पोहोचावेत, ही मागणी न्याय्य आहे आणि जगात अनेक ठिकाणी ती मान्य झालेली आहे.

उदगीर तालुक्यात आज विमानतळ नाही, ही आपली अडचण नसून सोय आहे. तो आल्यानंतर जे महाग पडते, ते येण्यापूर्वी करण्यास आपल्याला अवधी आहे. आपापल्या गावी परतल्यावर पुढील ग्रामसभेत हा विषय एकदा तरी मांडावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.